जिरनारं तेल

नटाचा एक कान तुटून माझ्या हातात आला, तवा मला कळालं की आता फुडचा सगळा संसार मला न्हाणीतच करावा लागनार.

एका हातात तो लोखंडाचा कान, दुसऱ्या हातात तांब्या, अंगावर वला परकर, केसातनं पाणी गळायलंय, आन भायेर माझी पाच महिन्याची बबी भुकेनं टाहो फोडायली. आन दार बंद! तुमच्या-आमच्या दारावानी बंद न्हाई, मामानं बंद केल्यावानी बंद!

मामा म्हंजी माझे सासरे. साखर कारखान्यात फिटर. त्येंच्या हाताखालनं गेलेली वस्तू पुन्यांदा मोडत न्हाई. घरातला पाट मोडला तर दुसऱ्या दिशी त्येला चार नट-बोल्ट. पोळपाटाला बोल्ट. कोंबड्याच्या खुराड्याला बोल्ट. (आमच्या कोंबड्या कारखान्यात कामाला जातेत का काय, असं आल्या-गेल्याला वाटायचं.) मी दुबलगुंडीला नांदायला आले तवा न्हाणीला नुसता गोणपाटाचा पडदा होता. मी आत्याबाईला म्हनलं, म्हंजी सासूला, "आत्याबाई, वारं आलं की पडदा उडतोय, लाज वाटती." आत्याबाईनं मामाला सांगितलं. दुसऱ्याच्या घरी असतं तर एक दार आन एक कडी, भागलं असतं. मामानं चारी बाजूनं शहाबादी फरशा उभ्या केल्या, वर पत्रा टाकला, वाफ जायला वीतभर फट ठिवली, फुडं जाड पत्र्याचं दार बसवलं, आन कडीच्या जागी काय? बोल्ट! माझ्या अंगठ्याएवढा जाड बोल्ट चौकटीतनं आत आलेला. दाराच्या पट्टीला भोक. ते भोक बोल्टावर बसवायचं आन वरून दोन कानाचा नट फिरवून आवळायचा. झालं दार बंद.

"आता वाघ आला तरी दार उघडायचं न्हाई," मामा म्हनले होते.

वाघ कशाला मरायला येतोय दुबलगुंडीच्या न्हाणीत! पर शेळी आली. शेजारच्या चाँदबी खालाची. आदल्या दिशी मी आंघुळीला बसले आन तिनं दाराला अशी टक्कर दिली की दार हातभर उघडलं, आन मी आन शेळी एकमेकीकडं बगत बसलो. कारन मी रोज नटाचे दोनच फेरे फिरवायचे. म्हनून आज म्हनलं, थांब, आज तुजी जिरवते! नट पार शेवटापर्यंत फिरवला. वरून तांब्याच्या बुडानं दोन ठोके घालून आवळला. आन तिथंच घात झाला. रोजच्या दोन फेऱ्यापर्यंत बोल्ट चकचकीत, त्येच्या म्होरं दोन पावसाळ्याचा गंज! नट गेला आत आन तिथंच ऱ्हायला. उलटा फिरवला, फिरंना. तांब्यानं ठोकला, तर कान तुटला.

तेवढ्यात भायेरून आत्याबाई.

"सुजाता! अगं पोर रडायली की! कवर न्हायचं? म्हशी बी एवढा वेळ न्हात न्हाईत!"

"आत्याबाई, दार उघडंना!"

"उघडंना म्हंजी?"

"नट बसला!"

"बसला तर उठव की मग!"

आता काय सांगावं! मी रडकुंडीला आले. सकाळधरनं बबीला पाजलं नव्हतं. म्हनलं, आधी न्हाऊन घ्यावं, मग निवांत पाजावं. तिचा आवाज आला की माझा पान्हा फुटायचा, आन मधी ते दार. एका हाताच्या अंतरावर लेक आन जनू मधी कारंजा नदी आडवी! मी दाराला धरून हलवलं, लाथ घातली, पायाचा अंगठा तेवढा सुजला.

"आत्याबाई, आधी मला लुगडं तरी द्या! मग बगू!" (माझं कोरडं लुगडं भायेर दोरीवर. आत न्यायचं तर वलं हुतंय म्हनून रोज भायेरच ठिवायचे. लई हुशार मी!)

आत्याबाईनं बबीला काखंत धरून एका हातानं लुगडं वरच्या फटीत कोंबलं. ते आलं, लोंबलं, मी हात वर करीस्तोवर सुटलं, आन बदकन बादलीत पडलं. साबणाच्या पाण्याच्या.

"भेटलं का?"

"भेटलं," मी म्हनलं. खोटं नव्हतं बगा.

एवढ्या गलबल्यात रातपाळी करून झोपलेले मामा उठले. आता आमच्यात असं हाय की सून सासऱ्याशी तोंड वर करून बोलत न्हाई, आन सासरा बी सुनेशी सरळ बोलत न्हाई. जे काय बोलायचं ते आत्याबाईच्या मार्फत. त्यात मी वल्या परकरात! म्हनून मामा लिंबाखाली न्हाणीकडं पाठ करून हुबे ऱ्हायले. दाराला खिळ्याचं एक भोक हाय, त्यातनं मला फकस्त लिंबाचं बूड आन मामाची पाठ दिसायची. आन तिथनं ते लिंबाला सांगितल्यावानी वरडायले.

"तिला म्हनावं, नट कुठवर आवळला?"

"मामा म्हनायलेत, कुठवर आवळला?" आत्याबाईनं इचारलं. (मला आईकू आलंच होतं. आख्ख्या गल्लीला आईकू आलं होतं.)

"शेवटवर!"

"ती म्हनती, शेवटवर!"

"कामून?"

"कामून गं?"

"शेळीसाठी!"

ह्येच्यावर मामानं मान खाजवली. मग म्हनले, "बसलेला नट आन बसलेला जावई, दोघं बी जबरदस्तीनं उठत न्हाईत. तेल घाला म्हनावं."

तेल म्हनल्यावर आत्याबाईनं सैपाकघरातनं करडीचं तेल आनलं. फटीतनं आधी पळी आली, पळीमागं हात आला, आन अंदाजानं पळी पालथी झाली. अर्धं तेल नटावर, अर्धं माझ्या नुकत्याच धुतलेल्या डोक्यावर! न्हाणीला फोडणीचा वास सुटला. मी नट धरला. नट जागच्या जागी, हात मातर सुळकन घसरला आन कोपर फरशीवर आपटलं.

"जिरलं का इचार!" लिंबाकडून आवाज.

"जिरलं का गं?"

"न्हाई! वघळायलंय नुसतं!"

"वघळनारच!" मामाला आता जोर चढला. कारखान्यात नव्या पोरांना शिकवतेत तसं सुरू झाले. "खायाचं तेल जाड असतंय! ते वरच बसतंय, वाळलं की डिंकावानी चिकटतंय! नटाच्या आट्यात, म्हंजी आतल्या खाचंत, शिरायला पातळ तेल लागतंय! तिला म्हनावं, जिरनारं तेल पायजे!"

"अवो, पोर भुकेली हाय, तुमी शाळा कसली घ्यायलात!" आत्याबाई वैतागल्या.

तवर चाँदबी खाला आल्या. शेळी त्यांचीच, म्हनून त्यांना जरा जास्तीच कळवळा. "अगे बहू, घबराना नक्को! मेरे पास एरंडी का तेल हय, एकदम असली! पेट कित्ता भी जाम होंदे, खोल डालता!"

"आवो, ते पोटाला!" मामा लिंबाला म्हनले. "नटाला कसले जुलाब हुतेत!"

पर खालानं आनलंच. वाटीत. मधासारखं दाट. फटीतनं वाटी सोडायला दोरी बांधली, वाटी वाकडी झाली, आन एरंडेल तारातारानं माझ्या खांद्यावर आलं. जे थोडं हाताला लागलं ते मी नटाला चोपडलं. आता नटाला करडी बी झाली, एरंडेल बी झालं, आधी मी साबण बी लावला होता. मला वाटलं, नटाला आता काजळ-तीट तेवढी ऱ्हायली!

"गॅसतेल हाय का घरात?" मामानं इचारलं. (गॅसतेल म्हंजी तुमचं रॉकेल.) "गॅसतेलासारखं पातळ दुसरं कायी न्हाई. धा मिंटात आट्यात शिरतंय."

आत्याबाई उगाच बबीला थोपटायला लागल्या. मग म्हनल्या, "गॅसतेल कुठलं? ह्या महिन्याचं रेशनच आलं न्हाई. थेंब न्हाई घरात."

"मेरी चिमनी भी सुक्की पडी," चाँदबी खाला म्हनल्या.

"दाराचे बिजागर तोडा की मग!" आत्याबाई.

"दाराला हात लावायचा न्हाई!" मामा गरजले. "आन दार पाडल्यावर ती काय वल्या परकरात भायेर येनार? मी मळ्यातल्या इंजिनावरनं डिझेल आनतो. वाटंत बसण्णा दिसला तर त्येला फुडं लावून देतो. लई जुना कारागीर हाय, नुसत्या आवाजावरून नट वळखतोय." आन भोकातनं मामाची पाठ गेली. ऱ्हायलं लिंबाचं बूड.

आता भायेर आत्याबाई, खाला आन बबी. खालानं बबीला साखरपाणी दिलं, तिनं थू करून त्यांच्याच अंगावर टाकलं. मी म्हनलं, आपल्या आवाजानं तरी गप हुईल. दाराला तोंड लावून मी "बबी गं, सोनी गं" करून गाणं म्हनायला सुरुवात केली. झालं उलटंच! आई आईकू येती आन दिसत न्हाई म्हनून पोरगी अशी पिसाळली की तिचा श्वासच अडकायला लागला. रडता रडता मधीच गप हुयाची, आन तवा माझा जीव तोंडात यायचा. मला वाटलं, तिला काई झालं तर ह्या फरशीवर डोकं फोडून घ्यावं.

आन त्याच वक्ताला मला माझं नाव आईकू आलं.

"सीमी! एण्णी!"

मी थिजले. आता तुमाला हे सांगायला पायजे की माझं माहेरचं नाव सीमा. लग्नात सासरच्यांनी नाव बदलून सुजाता ठिवलं. हितं दुबलगुंडीला माझं 'सीमी' नाव कुनाला ठावकं न्हाई, कुत्र्याला सुदिक न्हाई! सीमी म्हननारा ह्या जगात एकच मानूस. माझा थोरला भाऊ. उदगीरकडं असतोय. आठ दिवसामागं त्येचं कार्ड बी आलं होतं (मी चौथीपर्यंत शिकलेली, तीनदा वाचलं तवा कळालं) की सीमीला न्यायला येतो. आन आवाज बी तसाच, घोगरा, तंबाखू खाल्लेला!

"सीमी! एण्णी!" परत आवाज.

म्हंजी 'सीमी, ये नी!' असंच की! आणखी काय असनार? लहानपनी मी चिंचंवर चढून बसले की दादा खालून असाच वरडायचा, 'सीमी, ये नी खाली!'

"दादा!" मी आतनं हंबरडाच फोडला. "दादा, आलास व्हय रं! बगितलास का तुज्या भैनीचे हाल!"

भायेर सगळं गप झालं. मला वाटलं, दादाला गहिवर आला. मग मला बी तोंड फुटलं. दोन वर्साचं साठलेलं!

"अरे दादा, मला घिऊन चल रं! साधी कडी लावा म्हनलं तर ह्येंच्या बापानं न्हाणीला कारखान्याचा बॉयलर करून ठिवला! आंघूळ करायची का इंजिन चालवायचं? आन आत्याबाईचं करडीचं तेल! किती जुनं हाय म्हाईत हाय का, माझ्या लग्नाच्या आधीचं! आख्खं डोकं खवट झालं माझं! आन चहा देतेत, तो चहा न्हाई रं, भांडं इसळल्यालं पाणी! आन तुजे दाजी! त्येंला म्हनलं, तुमच्या आप्पाला सांगा ते दार बदलायला, तर म्हनतेत, 'आप्पाला कोन सांगंल!' बापाम्होरं मांजर आन माझ्याम्होरं वाघ!"

"सीमी एण्णी! सीमी एण्णी!" आवाज अजून जोरात. बिचारा दादा, कसा तळमळायलाय बगा!

"येते रं दादा, नट निघू दे, बबीला घिऊन अशीच येते! आन आईक, आईनं पाठवलेले डिंकाचे लाडू मी ह्येंच्यात कुनालाच दाखवले बी न्हाईत! पेटीत ठिवलेत, खालच्या लुगड्याच्या घडीत! रोज एक खाते, आंघुळीच्या आधी! आईला सांग, लई चांगले झालेत!"

आता तरी दादा काई बोलंल म्हनून मी थांबले. दादा बोलला न्हाई. बबी सुदिक गप झाली. मग मामाचा आवाज आला. (डिझेल मिळालं नव्हतं, इंजिन सकाळीच बंद करून मळेवाला बाजारला गेलता. मामा कवाधरनं येऊन हुबे होते, देव जाने.)

पयल्यांदाच मामा सरळ माझ्याशी बोलले. आत्याबाईला मधी न घेता.

"सुजाता," मामा म्हनले, "तुजा दादा न्हाई आला. हा आमचा बसण्णा हाय. खालच्या मुलखातला. त्येला मराठी येत न्हाई."

मी भोकाला डोळा लावला, तर लिंबाखाली मामाचीच पाठ!

"आन 'सीमी एण्णी' म्हंजी..." मामा खाकरले. "गॅसतेलाला आपन हितल्या कानडीत ग्यासएण्णी म्हनताव ना? ते खाली त्येंच्याकडं सीमी एण्णी म्हनतेत. त्यो गॅसतेल मागायलाय गं."

बसण्णाला वाटलं, आतल्या बाईला आता पटलं. खुशीनं वरडला, "हां, हां! सीमी एण्णी तगोंड बर्री!" म्हंजी गॅसतेल घिऊन या!

मी आत तांब्या धरून हुबी. वरून करडी, खांद्यावरून एरंडेल. दादा न्हाई, कुनी न्हाई. मी खाली बसले. मग आनखी एक आवाज आला, जो मला मुळीच नको होता.

"सीमी कोन?"

माझे मालक! कवा आलते कुनास ठावं! परक्या मानसाला आपल्या न्हाणीच्या दारात, आत बायको असताना 'सीमी सीमी' म्हनून वरडताना आईकून ते दारातच थांबलेले.

"तुजी बायको," मामा म्हनले. "आन मांजर म्हंजी तू."

चाँदबी खाला हसायला लागल्या. खाला हसल्या की त्यांना थांबता येत न्हाई, खोकलाच लागतोय. मी कानात बोटं घातली. पर आत्याबाईचा आवाज कान झाकून बी आईकू येतोय.

"लाडू किती ऱ्हायलेत?"

"सात," मी म्हनलं.

"हं," आत्याबाई म्हनल्या. आन ह्या 'हं'मधी काय काय होतं ते ज्येला सासू हाय त्येलाच कळंल!

"आता गॅसतेल कुठून आनायचं?" माझे मालक म्हनले. "मी हळ्ळीखेडला जाऊन येऊ का सायकलीवर?"

मग आत्याबाईच्या बांगड्या वाजल्या, पावलं सैपाकघराकडं गेली. ज्वारीच्या डेऱ्यात हात घातल्याचा खळखळ आवाज आला. पावलं परत आली.

"हे घ्या," आत्याबाई हळूच म्हनल्या. "सणावाराला लागतंय म्हनून ठिवलं होतं."

बाटली भरलेली होती म्हने. तोंडापर्यंत. बूच लावून, चिंधी बांधून! मामा एवढंच म्हनले, "थेंब न्हाई घरात, व्हय?" आन आत्याबाईनं उलटं इचारलं, "आधी नट काढायचाय का माझी उलटतपासनी करायचीय?" मला आतल्या आत लई बरं वाटलं. पेटीतले लाडू आन डेऱ्यातलं गॅसतेल, म्हंजी आमच्या घराला फकस्त माझ्यामुळंच बट्टा लागलेला न्हाई!

फटीतनं बाटली आली, ह्या बारीला नीट दोरीला बांधून. बसण्णा कानडीत सांगायचा, मामा मराठीत करायचे, आत्याबाई तेच परत म्हनायच्या, आन मी करायचे. आधी चिंधीनं करडी-एरंडेल पुसून काढ. मग गॅसतेल थेंब थेंब, नटाच्या दोन्ही अंगानं. मग ठोक, नटाला न्हाई, बोल्टाच्या टोकाला. हळू, जनू पोराला थोपटायलीस. थांब. परत थेंब. परत थोपट.

"जिरलं का?" मामा.

"जिरलं का गं?" आत्याबाई.

"तेलाचं म्हाईत न्हाई आत्याबाई," मी म्हनलं, "पर माझी मातर जिरली!"

भायेर कोन हसलं ते मला दिसलं न्हाई. पर आवाज बाईचा होता, आन चाँदबी खालाचा नव्हता.

"आता उलटा फिरवू नको!" मामा म्हनले. "आधी थोडासा आवळ, मग सोड! गंजाला वाटलं पायजे की ही आपल्याच बाजूची हाय!"

मी ऱ्हायलेल्या एका कानाला लुगड्याचा पदर गुंडाळला (त्याच वल्या लुगड्याचा, बादलीतनं काढून मी ते कवाच नेसले होते, साबणासकट). जरासा आवळला. 'कुट' असा आवाज आला. मग सोडला. आधी केसभर. मग सुपारीएवढा. मग तांबडं पाणी गळालं आन नट असा फिरायला लागला, असा फिरायला लागला, जनू गाड्याचं चाक! नट माझ्या तळहातावर. दार मोकळं.

आन तवा मला आठवलं की भायेर कोन कोन हाय.

बॉयलर म्हनलेले सासरे. खवट तेलाची सासू. मांजर झालेला नवरा. खोकलनाऱ्या खाला, ज्या संध्याकाळपर्यंत आख्ख्या दुबलगुंडीला सांगून येनार. आन एक बसण्णा, ज्येला मी पाच मिंटं 'दादा, दादा' करून रडून दाखवलं!

"निगाला का गं?" आत्याबाई.

"न्हाई आत्याबाई!" मी म्हनलं, नट मुठीत धरून. "लई घट्ट हाय!"

"अजून थेंब टाक!"

"टाकते!"

"टाकलास का?"

"टाकायले, टाकायले!"

म्हनलं, असंच चाललं तर सगळे कटाळून जेवायला जातील, बसण्णा त्येच्या घरी जाईल, मालक कामावर जातील, मग दिवस कलला की मी सावकाश निघंन. पर तेवढ्यात बबी परत रडायला लागली. आधीसारखी जोरात न्हाई. थकलेली, बारीक, चिरचिर. ते मला आईकवंना.

मी दार वीतभर उघडलं. कुनाचंबी तोंड बगितलं न्हाई. नुसते दोन हात भायेर काढले.

"बबी तेवढी द्या."

आत्याबाईनं बबीला माझ्या हातावर ठिवलं. मी तिला आत घेतलं. दार लावलं. भोक बोल्टावर बसवलं. आन नट परत चढवला; एक कान काय, एक कान पुरतोय! गॅसतेलानं सुळसुळीत झालेला, काय सुंदर बसला सांगू!

पाटावर बसून लेकीला पदराखाली घेतलं. तिनं दोन हुंदके दिले आन चुटूचुटू प्यायला लागली. भायेर मामा म्हनायलेत, "परत कामून लावलं इचार तिला!" आत्याबाई इचारायल्या, "परत कामून लावलंस गं?" मालक म्हनायलेत, "अगं, आता तर निगाला की, भायेर ये!" आन बसण्णा कुनाला तरी कानडीत इचारायलाय, आनखी सीमी एण्णी पायजे का म्हनून.

मी आपली गप. लेक पोटभर प्यायली, माझ्या मांडीवरच झोपली. मी बी फरशीला टेकून बसले. सावली होती, गार होतं, मामाचं दार खरंच पक्कं होतं. समदे म्हनतेत, एवढ्या वडीलधाऱ्या मानसांना उन्हात ताटकळत ठिवायला तुला लाज वाटली न्हाई का? आवो, लाज वाटली म्हनूनच तर बसले! आता तुमीच सांगा, बाया हो, भायेर तसली पंगत बसलेली आन तुमच्या हातात एवढा चांगला फिरनारा नट असता, तर तुमी काय केलं असतंव?